ओली दोरी

माझ्याबद्दल लोकांचं एक ठाम मत आहे, की हा माणूस चुकीचं माप देत नाही. पेणला आमच्या सोसायटीत गच्चीचा उतार काढायचा असो, पाण्याची टाकी किती लिटरची ते ठरवायचं असो, मला हाक येते. माझी बायको मंगल पाहुण्यांसमोर चेष्टा करते, "ह्यांना चहात साखर घालायला सांगू नका, दाणे मोजत बसतील." सगळे हसतात. मीही हसतो. आणि हसताना दर वेळी मला मी दिलेलं एक माप आठवतं. ते कुठलं, हे मी मंगलला कधी सांगितलेलं नाही. आईबाबा गेले, त्यांना सांगितलं नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

मग तुम्हालाच का? तुम्ही तिला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं कारण शोधत बसलो तर लिहायचंच राहून जाईल, आणि असं राहून जाणं मला फार चांगलं जमतं.

ती म्हणजे माझी धाकटी बहीण, वनिता. हॉकी खेळायची. "खेळायची" हा शब्द अपुरा आहे — एके काळी भारताच्या मुलींच्या संघासाठी जे शिबिर भरलं, तिथपर्यंत ती पोचली होती. खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर राबणाऱ्या घरातली पोर. तिथून पुढे गेली नाही. का गेली नाही, याची पुष्कळ कारणं लोक सांगतात. इकडे चांगलं मैदान नव्हतं, घरात ऐपत नव्हती, लग्न झालं. ती स्वतःही हसून यातलंच एखादं सांगते. खरं कारण ठाऊक असलेला माणूस एकच आहे.

पण मी गोष्टीत फार पुढे गेलो. आधी दोरीचं सांगायला हवं.

आमचे बाबा पेणजवळच्या मिठागरावर कामाला होते. पावसाळा संपला की मिठाचे वाफे नव्याने आखायचे असतात. चिखल तुडवून, चोपून फरशीसारखा सपाट करायचा, आणि बांध सरळ घालायचे. त्यासाठी बाबांकडे गाठी मारलेली सुती दोरी असे. ती दोरी ते कधीही कोरडी वापरत नसत. कामाच्या आधी पाण्यात बुडवून ठेवायची, पूर्ण भिजली की मगच जमिनीवर टाकायची. कारण साधं होतं. सुती दोरी भिजली की आखडते. वाफ्यात ती भिजणारच, मग अर्धी भिजलेली, अर्धी सुकलेली अशी दोरी तासातासाला वेगळं माप दाखवणार. म्हणून गाठी ओल्या दोरीवरच मारायच्या आणि मापायचं ते ओल्या दोरीनंच. "कोरडी दोरी खोटं बोलते," असं बाबा म्हणत. आम्हा भावंडांच्या डोक्यात ते इतकं बसलं होतं की ओली दोरी दिसली की आम्हाला आपोआप विश्वास वाटे.

वनिताला हॉकीचं वेड लावलं ते पेणच्या शाळेतल्या गद्रे बाईंनी. बाई स्वतः कॉलेजात खेळलेल्या. त्यांनी कुठून तरी जुन्या काठ्या मिळवल्या आणि मुलींना उभं केलं. बाकीच्या मुली शाळेपुरत्या खेळल्या. वनिता काठी घेऊन घरी आली. आई वैतागली, "पोरीची जात, हातात दांडका घेऊन कुनाला मारायला निघालीस गो?" वनिता म्हणाली, "तुलाच. भाकरी दे लवकर." बाबा हसले, तेव्हा मग आईनं भाकरी वाढली.

गावाबाहेर एक पडीक मिठागर होतं. त्यातल्या सुकलेल्या वाफ्यांसारखी सपाट आणि टणक जमीन आमच्या अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल. तिथे मी तिला हॉकीचं मैदान आखून दिलं. अख्खं नाही, गोलसमोरचा अर्धा भाग. तुम्ही हॉकी बघत नसाल तर एवढंच लक्षात ठेवा — गोलसमोर एक मोठी कमान आखलेली असते, तिला डी म्हणतात. चेंडू त्या कमानीच्या आतून मारलेला असेल तरच गोल. बाहेरून मारला तर जाळीत गेला तरी शून्य. गोलच्या खांबापासून ही कमान साडेचौदा मीटरपेक्षा थोडी जास्त लांब असते. ती मी बाबांच्या पद्धतीने, ओल्या दोरीवर गाठी मारून, ओल्या दोरीनंच आखली. अगदी बरोबर आखली. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, आणि त्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

त्या कमानीवर वनिता रोज संध्याकाळी धावत यायची आणि मारायची. पुढे पुढे तर वाऱ्यानं, दवानं रेषा पुसून जायच्या आणि तिला फरक पडत नसे. पाऊल आत पडलं की तिचा हात सुटायचा. मी कधी गंमत म्हणून तिला विचारायचो, "आत होतीस कशावरून?" ती म्हणायची, "माप ना." मी मापायचो. आतच असायची. गद्रे बाई सगळ्यांना सांगायच्या, "हिची मान बघा. इतर मुली डीजवळ आल्या की खाली रेषा शोधतात. ही नाही शोधत." समोरच्या मुलीला अडवायला जो क्षण लागतो तो वनिता देतच नसे. तेवढाच तिचा खेळ होता म्हणा ना. ताकदीच्या मुली पुष्कळ असतात.

मला तेव्हा नुकतीच रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, वजनकाट्याच्या खात्यात. रोह्यात खोली घेऊन राहायचो. मापाच्या आवडीमुळे मैदानं आखून देण्याचं काम माझ्याकडे यायला लागलं होतं. कबड्डीचं, खो-खोचं. पैसे घेत नव्हतो. लोक म्हणायचे, "त्याला बोलवा, त्याची रेषा केसभर हलायची नाही." हे ऐकायला मला आवडायचं. किती आवडायचं ते मला त्या वर्षी कळलं.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याचा शेवटचा सामना रोह्यात ठेवला. पेणच्या मुली आणि रोह्याच्या मुली. सामना बघायला निवड करणारे दोघे येणार होते, त्यातून काही मुली पुढच्या शिबिराला जाणार. मैदान आखायचं काम अर्थातच माझ्याकडे. माझीच बहीण खेळतेय, तरी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही — इतका विश्वास.

कंपनीच्या स्टोअरमधून मी पोलादी टेप मागून घेतला होता, पण तो एका संध्याकाळपुरता. दुसऱ्या दिवशी तो जागेवर हवा होता. म्हणून बाजारातून नवी सुती दोरी आणली आणि खोलीत बसून टेप लावून तिच्यावर गाठी मारल्या. कोरड्या दोरीवर. टेप परत केला.

सामन्याच्या सकाळी मैदानावर वारा होता, दोरी उडत होती, वळत होती. आणि माझ्या हातांनी काय केलं? जे लहानपणापासून पाहिलं होतं तेच. बादलीत पाणी होतं, त्यात मी दोरी बुडवली. चांगली भिजू दिली. ओली दोरी कशी शहाण्यासारखी जमिनीवर पडते! दोन्हीकडच्या डी मी तिनं आखल्या, वर चुन्याची फक्की टाकली. गाठी कोरडेपणी मारल्यात हे डोक्यात आलंच नाही. ओल्या दोरीवर शंका घ्यायची असते हे आमच्या घरात कुणी शिकलंच नव्हतं.

इथवर ही चूक आहे. चूक कुणाच्याही हातून होते. एवढ्या चुकीसाठी मी हे लिहायला बसलो नसतो.

काम झाल्यावर दोरी मी दोन झाडांना ताणून उन्हात बांधली. माणसं जमली. भोंग्यावरून बोलणाऱ्या गृहस्थांनी पाहुण्यांची नावं घेतली आणि मग माझंही घेतलं. म्हणाले, असं मैदान मुंबईतही आखलेलं मिळणार नाही, एक दोरा इकडचा तिकडे नाही. टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून उभा राहिलो, लाजल्यासारखा. वनितानं मैदानातून माझ्याकडे बघून काठी उंच केली.

पूर्वार्ध संपला तेव्हा रोह्याच्या मुली एका गोलने पुढे होत्या. धावपळीत एका डीची रेषा बरीच पुसली गेली होती. ती पुन्हा मारायला मी झाडाची दोरी सोडून आणली. खांबाला फास अडकवला, दोरी ताणली. गाठ रेषेच्या बाहेर पडली. थोडीथोडकी नाही, चांगली हातभर बाहेर.

मला वाटलं फास ढिला राहिला. पुन्हा लावला. पुन्हा हातभर. मग मी दोरी बोटांत धरली आणि ती कोरडी ठणठणीत आहे हे कळलं, आणि त्याबरोबर सगळंच कळलं. भिजून आखडलेल्या दोरीनं आखल्यामुळे डी लहान झाली होती. दोन्हीकडची. कोरडी दोरी त्या दिवशी खरं बोलत होती.

काय करायला हवं होतं? दोन पंच तिथेच उभे राहून लिंबाच्या फोडी चोखत होते. त्यांना सांगायचं, माझी चूक झाली, रेषा बाहेर घ्यायला हव्यात. चार माणसं हाताशी घेतली असती तर मध्यंतर संपता संपता काम झालं असतं. कुणीतरी हसलं असतं. बस, एवढंच.

मी फक्कीचा डबा घेतला आणि जुन्या, चुकीच्या रेषेवर डोळ्यांच्या अंदाजानं पुन्हा फक्की टाकली.

तेव्हा मी मनाशी कारणं जमवली. दोन्ही बाजूंना सारखीच लहान आहे, म्हणजे अन्याय कुणावरच नाही. अर्धा सामना याच रेषांवर झालाय, आता बदलणं बरोबर नाही. शिवाय मी पेणच्या खेळाडूचा भाऊ, पेण मागे असताना मी डी मोठी करायला गेलो तर लोक काय म्हणतील? नीट बघा, तिन्ही कारणांत तथ्य आहे. पण गप्प बसलो तो त्यांच्यासाठी नाही. भोंग्यावर नुकतंच माझं नाव घेतलं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

उत्तरार्धात वनिताला चेंडू मिळाला तो डाव्या बाजूला. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. मी काठावर उभा होतो आणि ती कुठून मारणार हे मला ती मारण्याआधी दिसलं. तिचं पाऊल पडलं, हात सुटला, मान वर. चेंडू जाळीत. पेणच्या पोरी ओरडत तिच्या अंगावर धावल्या. आणि पंचांनी शिटी वाजवून हात हलवला. बाहेरून. गोल नाही.

चेंडू जिथून मारला ती जागा मी पाहिली होती. रेषेच्या बाहेर, आणि माझ्या दोरीची कोरडी गाठ जिथे पडली होती त्याच्या आत. मधल्या त्या हातभर पट्ट्यात.

वनिता पंचांशी बोलली. पंचांनी रेषेकडे बोट दाखवलं. सामना चालू राहिला, तसाच संपला. पेण हरलं. पण ती मैदान सोडेना. टेबलापाशी आली, जिथे पंच आणि निवड करणारे दोघे बसले होते. मीही तिथेच होतो.

"काका, मी आतून मारला," ती म्हणाली.

"रेषा दिसते ना गो पोरी तुला?" पंच म्हातारे होते, वाईट नव्हते. "मी तिथंच उभा होतो. चांगली बाहेर होतीस."

"रेषा दिसते. पण रेषा चुकलीय."

कुणीतरी मागून म्हणालं, "हरली की रेषाच चुकते." हशा झाला. वनितानं तिकडे पाहिलंही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दादा, दोरी आण. मापून दाखव ह्यांना."

तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल शंका नव्हती हे तुम्हाला कसं सांगू? तिला वाटत होतं की रेषेत काही घोटाळा झाला असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या हातचा, पुन्हा फक्की मारताना वगैरे. आणि दादाची दोरी तो उघडा पाडेल. ती मला तिच्या बाजूनं बोलावत होती.

पंच म्हणाले, "आणा हो. पोरीचं समाधान होऊ दे."

"आणतो," मी म्हणालो.

दोरी शाळेच्या व्हरांड्यामागे ठेवली होती. तिथे मुलींना हातपाय धुवायला पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं. मी दोरी उचलली आणि — आता सांगतो, फिरवून सांगत नाही — मी ती पिंपात बुडवली. धरून ठेवली. दोन्ही हातांनी दाबून, पिळून, पुन्हा बुडवली, सूत आतपर्यंत भिजेल अशी.  मी घाईत नव्हतो. पुरती भिजली याची खात्री झाल्यावर बाहेर आलो.

सगळ्यांच्या देखत फास खांबाला घातला. दोरी ताणली. गाठ बरोबर रेषेवर पडली. एक दोरा इकडे नाही, एक दोरा तिकडे नाही.

"बघ," पंच म्हणाले. "झालं समाधान?"

वनिता वाकली. तिनं गाठीला हात लावला. दोरी ओली होती, थेंब गळत होते. बाहेरच्या कुणाला त्या ओलेपणाचं काही वाटायचं कारण नव्हतं. पण ती बाबांची मुलगी. आमच्या घरात ओली दोरी म्हणजे शेवटचा शब्द. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलला. रडली नाही. उठून उभी राहिली, पायाखालच्या जमिनीकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "मग मीच चुकले."

पंचांची माफी मागितली तिनं. निवड करणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, खेळते चांगली पण हट्टी आहे. त्या वर्षी तिचं नाव आलं नाही. आणि माझी कीर्ती? ती वाढली. सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा रेषा सोडली नाही म्हणून. खांब गावापासून कासूपर्यंत मला मैदानं आखायला बोलावणी आली. मी गेलो.

पण हेही पूर्ण नाही. संध्याकाळी मीही घरी निघालो, आणि एसटीनं पेणला जाताना ती माझ्या शेजारी बसली होती.  गाडी सुटल्यावर हळूच म्हणाली, "दादा, सगळ्यांसमोर तुझ्या कामावर बोट दाखवलं मी. चुकलं रे माझं." मला म्हणाली, मला! आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "जाऊ दे गो. व्हतं असं."

तेव्हा माझी समजूत अशी होती की एक वर्ष गेलं, पुढच्या वर्षी होईल निवड. आणि झालीही. पुढच्या वर्षी तिला घेतलं, मग राज्याच्या संघात घेतलं, तिथे ती दोन मोसम खेळली. एकदा वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, बाबांनी तो मिठागरावर सगळ्यांना दाखवून इतका चुरगाळला की नाक कुठलं, डोळा कुठला कळेना. त्या काळात मला बरं वाटायला लागलं होतं. हिशेब भागला असं वाटत होतं.

मग मी तिचा एक सामना पनवेलला बघितला. ती चेंडू घेऊन आली, पूर्वीसारखीच वेगात. आणि डीजवळ आल्यावर तिची नजर खाली गेली. रेषेकडे. क्षणभरच. तेवढ्यात समोरच्या मुलीची काठी आली आणि चेंडू गेला. मला वाटलं एकदाच झालं. मी मोजत राहिलो. प्रत्येक वेळी. प्रत्येक वेळी ती खाली बघत होती.

तिच्याकडे दुसऱ्यांपेक्षा जास्त असं जे होतं ते नेमकं हेच होतं की तिला बघावं लागत नसे. ते पडीक मिठागरावर तयार झालं, मी आखलेल्या खऱ्या डीवर. आणि मीच तिला सगळ्यांसमोर पटवून दिलं होतं की तुझं पाऊल खोटं सांगतं.

भारताच्या शिबिराहून ती परतली तेव्हा मी तिला आणायला स्टेशनवर गेलो होतो. सामान उचलताना ती हसत सांगत होती, "तिथले सर म्हणाले, तुझं सगळं हाय, पण डीत शिरताना तू थांबतेस. कुनाला भितेस काय? मी म्हणाले, रेषेला." आणि खरंच हसली. मी तिची बॅग खांद्यावर घेतली आणि पुढे चालायला लागलो, म्हणजे तिला माझं तोंड दिसणार नाही.

नंतर तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. नोकरीसाठी एका खात्याच्या संघाची चाचणी दिली, ती हुकली. लग्न झालं, नवरा धाटावला शिफ्टमध्ये काम करतो, भला माणूस आहे. ती रोह्यातच राहते. मी नंतर पेणला आलो. तिच्या संसाराला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण ती तेवढ्यासाठीच जन्मली नव्हती हे मला माहीत आहे, आणि तिला माहीत नाही. तिला वाटतं तिची उडी तेवढीच होती.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. तरुणपणी केलेली गोष्ट म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण मागच्या हिवाळ्यात जे झालं ते ऐका.

वनिता आता रोह्यातल्या शाळेच्या पोरींना हॉकी शिकवते, हौसेनं. मी काही कामासाठी रोह्याला गेलो होतो, तसाच मैदानावर गेलो. तिच्या मुलींचा दुसऱ्या शाळेशी सामना चालला होता. एका मुलीनं, बारा-तेरा वर्षांची असेल, चेंडू जाळीत मारला आणि पंचानं बाहेरून म्हणून नाकारला. मुलगी भांडायला लागली. वनितानं तिला बाहेर बोलावलं.

"ताई, मी आतून मारला!"

"तुला वाटला आतून."

"वाटला नाय. मला माहीत हाय."

वनिता तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "अगो, मलापन माहीत व्हतं. तुझ्यापेक्षा जास्त माहीत व्हतं. अख्ख्या मैदानाशी भांडले मी. मग माझ्या दादानं सगळ्यांदेखत मापून दाखवलं. बाहेरच होते मी. आपल्या पायाला काय कळतं? हा बघ, हा दादा माझा, उभा हाय इथं. विचार त्याला."

त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. वनितानंही बघितलं, हसत, जुनी गंमत सांगावी तशी. तिथे भोंगा नव्हता. टाळ्या नव्हत्या. माझं कसलंही नाव राखायचं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर ऐकायला एक बाई आणि एक पोरगी होती.

मी मान हलवली. होय म्हणून.

मुलगी गेली, पंचाला सॉरी म्हणाली, खेळायला लागली. थोड्या वेळानं तिला पुन्हा चेंडू मिळाला. धावत आली, डीपाशी पोचली, आणि थांबून खाली बघितलं.

वनिता माझ्याजवळ उभी होती. "शिकली," म्हणाली.

मी चहा घेतला नाही तिच्याकडे, गाडी चुकेल म्हणालो, आणि पेणला आलो. त्यानंतर आम्ही फोनवर पुष्कळदा बोललो आहोत. तिच्या गुडघ्याबद्दल, मुलाच्या कॉलेजबद्दल. हे सांगितलेलं नाही.

म्हणून जे झालं ते एकदा सरळ लिहून ठेवतो. रोह्याच्या त्या मैदानावरची डी मी लहान आखली होती, आणि ते मला मध्यंतरातच कळलं होतं. वनितानं चेंडू आतून मारला होता. तो गोल होता.